भय आणि सावधपण

अरण्यांत शिरणाऱ्या मनुष्यानें आपल्याबरोबर काय न्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा दिसतो. पाणी, शिदोरी, पायांत भक्कम जोडे, अंगावर एखादें गरम वस्त्र, एवढी यादी सांगितली कीं तो संपला असें कोणासही वाटेल. परंतु ज्या अरण्यांत मनुष्याहून बलवान् प्राणी नांदतो, त्या अरण्याच्या वेशीवर हाच प्रश्न निराळें रूप धारण करतो. तेथें 'काय न्यावें' याच्या पाठीमागें 'कोणत्या नात्यानें जावें' हा दुसरा प्रश्न उभा असतो, आणि तो नीतीचा आहे. बंदूक घेऊन जाणारा एका नात्यानें जातो, रिकाम्या हातानें जाणारा दुसऱ्या. या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट गेल्या चाळीस वर्षांत उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशांत पडली आहे. तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

गेल्या उन्हाळ्यांत पुतण्याच्या कुटुंबाबरोबर यलोस्टोन येथें जाण्याचा योग आला. हें उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें, आणि जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याति आहे. त्याचा विस्तार सुमारें ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून कांहींसा अधिक. तेथें काळीं अस्वलें आहेत आणि ग्रिझ्ली जातीचींही आहेत. ग्रिझ्लीच्या खांद्यावर मांसल उंचवटा असतो, नख्या लांब असतात, आणि तें ताशीं ३५ मैलांच्या वेगानें धावूं शकतें. मनुष्यानें त्याच्याशीं शर्यत लावण्यांत अर्थ नाहीं. म्हणून पायवाटेवर जाणाऱ्या प्रत्येकानें एक नळकांडें जवळ बाळगावें अशी तेथील अधिकाऱ्यांची आग्रहाची सूचना आहे. बेअर स्प्रे या नांवानें तें विकलें जातें. त्यांत मिरचीचा अर्क दाबून भरलेला असतो.

पुतण्यानें तें विकत घेतलें आणि आम्ही तें मोठ्या काळजीनें पाठीवरच्या पिशवीच्या तळाशीं ठेवलें. पायवाटेच्या तोंडाशीं एका वनरक्षकानें सहज विचारलें, "स्प्रे घेतला आहे ना?" आम्ही अभिमानानें होकार दिला. "कोठें आहे?" पिशवींत. "हातांत येण्यास किती वेळ लागेल?" आम्ही पिशवी उतरवली, शाल बाजूस केली, शिदोरीचा डबा काढला, आणि मग तें नळकांडें वर आलें. तो सद्गृहस्थ हंसला नाहीं. "अस्वल एवढा वेळ देत नाहीं," इतकेंच बोलून त्यानें तें आमच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून दिलें. पुतण्याची धाकटी मुलगी मात्र मनमोकळेपणानें हंसली. पुस्तक कपाटांत आहे म्हणून विषय आपल्याला येतो असें समजणाऱ्या विद्यार्थ्यांची आम्ही जन्मभर थट्टा करीत आलों. त्या दिवशीं आम्ही त्यांच्याच बांकावर बसलों होतों.

आतां या नळकांड्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण त्याचें तत्त्व त्याच्या रचनेंतच आहे. त्यांतील द्रवांत मिरचीच्या तिखटपणाचें सत्त्व शेंकडा १ ते २ या प्रमाणांत असतें. फवारा निदान २५ फूट जावा आणि निदान ६ सेकंद चालावा अशी अपेक्षा असते. अस्वल अंगावर धावून येऊं लागलें कीं सुरक्षेची खीळ काढावी, नळकांड्याचें तोंड किंचित् खालीं झुकवावें आणि आपल्या व त्याच्या मध्यें तिखटाचा एक ढग उभा करावा. अस्वल त्या ढगांत शिरतें, त्याचे डोळे, नाक आणि श्वास भाजून निघतात, आणि बहुतेक वेळां तें मागें फिरतें. थोड्या वेळानें ती आग शमते व तें पूर्ववत् होतें. हा पदार्थ डांस पळविण्याच्या औषधाप्रमाणें अंगावर किंवा तंबूवर फांसावयाचा नाहीं. तसें केल्यास तें निरुपयोगी तर होतेंच, पण त्या वासानें अस्वल उलट जवळ येण्याचा संभव असतो.

मिरची ही आपल्या स्वयंपाकघरांत इतकी मुरलेली आहे कीं ती मूळची परदेशची, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. ती अमेरिका खंडाची लेक. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आली आणि घरचीच झाली. तिच्या तिखटपणाविषयीं अलीकडे जें कळलें आहे तें मनन करण्याजोगें आहे. तिच्या सत्त्वानें प्रत्यक्ष भाजत नाहीं. उष्णतेची वेदना मेंदूस कळविणारी जी नस आहे तिचेंच द्वार तें उघडतें, म्हणून भाजल्याचा भास होतो. हें द्वार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनें १९९७ सालीं शोधून काढलें आणि त्या कार्याबद्दल त्यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पक्ष्यांस मात्र हा तिखटपणा जाणवत नाहीं. उंदरासारखे सस्तन प्राणी बीं दांतांनीं चिरडतात. पक्षी तें अखंड गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. म्हणून रानमिरचीनें जणूं एकास नकार व दुसऱ्यास आमंत्रण देणारें असें हें तिखट धारण केलें, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दाखविलें आहे. न मारतां 'नाहीं' म्हणण्याची ही विद्या त्या लहानशा झुडपास मनुष्याच्या पुष्कळ आधीं साधली होती.

रामकृष्ण परमहंस सांगत असत ती सर्पाची गोष्ट वाचकांस ठाऊक असेल. साधूच्या उपदेशानें सर्पानें दंश करणें सोडलें. मग गांवच्या पोरांनीं त्यास दगडांनीं अर्धमेला केलें. साधु परत आला तेव्हां म्हणाला, दंश करूं नको असें सांगितलें होतें, फूत्कार करूं नको असें कोणीं सांगितलें? अहिंसा आणि आत्मरक्षण यांचा वाद आपल्याकडे फार जुना आहे. त्यांत एका बाजूस सर्वस्वी निःशस्त्रता आणि दुसऱ्या बाजूस तरवार अशीच मांडणी बहुधा होते. फूत्काराची जागा त्यांत सांपडत नाहीं. आमच्या कमरेचें नळकांडें हा असा एक फूत्कार होता.

तो परिणामकारक आहे काय, असें व्यवहारी वाचक विचारील. अलास्कामध्यें १९८५ ते २००६ या काळांत असा फवारा वापरला गेल्याच्या ८३ घटनांचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो हे त्याच्या लेखकांपैकीं होत. ज्यांच्याजवळ फवारा होता व ज्यांची अस्वलाशीं निकट गांठ पडली अशांपैकीं शेंकडा ९८ जणांस इजा झाली नाहीं, आणि ज्यांस झाली त्यांची किरकोळ होती. पुढें २०१२ सालीं बंदुकांविषयींचा अभ्यास निघाला. त्यांत १८८३ पासून २००९ पर्यंतच्या २६९ घटना तपासल्या होत्या. जवळची बंदूक ज्यांनीं चालविली आणि ज्यांनीं चालविली नाहीं, त्यांच्या नशिबांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. हे दोन अभ्यास एकाच तराजूंत घालून तोलणें बरोबर नव्हे, कारण घटना निराळ्या व प्रसंग निराळे. परंतु मारण्याचें साधन तेंच रक्षणाचें उत्तम साधन, ही जी आपली उपजत समजूत आहे तिला यानें धक्का बसतो एवढें खास. धावत्या अस्वलावर नेमका नेम धरणें हें थोड्यांसच साधतें. ढग उभा करणें पुष्कळांस साधतें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कमरेला रक्षण लटकलें कीं मन झोंपी जात नाहीं काय? आमच्या मतें हा धोका खरा आहे. पिशवीच्या तळाशीं नळकांडें ठेवून अभिमानानें चालणारे आम्हीच त्याचें उदाहरण होतों. म्हणून तेथील जाणते लोक नळकांड्याचा क्रम शेवटचा लावतात. त्याच्या आधीं जें येतें त्यास ते लक्ष ठेवणें म्हणतात. आपल्या भाषेंत त्याला फार सुंदर शब्द आहे. लग्नांत मंगलाष्टकांच्या शेवटीं जो 'सावधान' शब्द उच्चारला जातो, त्याचा अर्थ 'भिऊन असा' असा नव्हे. अवधानासह तो सावधान. समर्थांनीं ज्या सावधपणाचा एवढा गौरव केला तो हाच. त्यांत भयाचा अंश थोडा आणि अवधानाचा पुष्कळ.

हें अवधान पायवाटेवर कसें दिसतें? तिघांहून कमी जणांनीं जाऊं नये. पहांटे व तिन्हीसांजेस चालण्याचें टाळावें. वळणापाशीं, ओढ्याच्या खळखळाटांत, दाट झुडपांत मोठ्यानें बोलावें किंवा टाळी वाजवावी. बारीक घुंगरांचा फारसा उपयोग होत नाहीं, मनुष्याचा आवाजच कामास येतो. ताजी विष्ठा, उकरलेली जमीन, झाडावरील ओरखडे पाहत जावें. कावळे एके ठिकाणीं घिरट्या घालीत असले तर तेथें मेलेलें जनावर असावें व त्याचा धनी जवळच असावा असें समजून परतावें. अस्वलापासून निदान १०० यार्ड दूर राहावें, असा यलोस्टोनचा नियमच आहे. आम्ही हे नियम वाचले तेव्हां ते सुरक्षिततेचे वाटले. दोन दिवस पाळले तेव्हां ते शिष्टाचाराचे वाटूं लागले. आमच्या लहानपणीं वडील माणसें माजघरांत पाऊल टाकण्यापूर्वीं दाराशीं खाकरत असत. आंत कोणी कसें बसलें असेल, त्यांस सांवरण्यास अवकाश मिळावा, एवढाच त्याचा हेतु. वळणावर टाळी वाजविणारा प्रवासी हेंच करतो. पिलांजवळ असलेल्या मादीस अचानक गांठण्यासारखा दुसरा उर्मटपणा नाहीं, आणि बहुतेक अपघात या अचानक गांठण्यांतूनच होतात.

भय निराळें. भिणाऱ्यास प्रत्येक जळका बुंधा अस्वल दिसतो आणि खरें अस्वल दिसलें कीं त्यास कांहींच दिसत नाहींसें होतें. सावध मनुष्यास बुंधा बुंधाच दिसतो. भय मनुष्यास पळावयास लावतें, आणि पळणें हेंच तेथें सर्वांत घातक.

१९६९ पर्यंतच्या इतिहासांत भयाहून उलटा असा एक दोष दिसतो. त्यास आंधळी माया म्हणूं. यलोस्टोनमध्यें एके काळीं उपाहारगृहांतील उष्टें-खरकटें एका जागीं टाकीत आणि तें खाण्यास जमलेलीं अस्वलें पाहण्यासाठीं लोकांस बसावयास बांक मांडलेले असत. मोटारींच्या खिडक्यांतून त्यांस घांस भरवीत. १९३१ ते १९६९ या काळांत दर वर्षीं सरासरीनें ४८ माणसें त्या उद्यानांत अस्वलांकडून जखमी झालीं. १९६७ च्या ऑगस्टमध्यें ग्लेशियर उद्यानांत एकाच रात्रीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं दोन तरुणी ग्रिझ्लींच्या हल्ल्यांत मरण पावल्या. मनुष्याच्या खरकट्याची चटक अस्वलांस लागूं देण्याचा परिणाम त्या रात्रीनें सर्वांपुढें आणला. पुढें यलोस्टोनमधील उकिरडे बंद झाले. १९७५ सालीं ग्रिझ्लीस कायद्याचें संरक्षण मिळालें तेव्हां त्या परिसरांत तीं दीडशेंच्याही आंत उरलीं होतीं; आज तीं हजाराच्या घरांत आहेत. आणि १९७९ पासूनचा हिशेब पाहतां उद्यानास दिलेल्या सुमारें २७ लाख भेटींमागें एका माणसास ग्रिझ्लीकडून इजा झाली आहे. म्हणजे अस्वलें वाढलीं आणि अपघात घटले. हा चमत्कार नव्हे. आंधळ्या मायेच्या जागीं अवधान आलें त्याचें हें फळ.

तरी अपघात होतातच, आणि त्यांची किंमत दोन्ही बाजूंस द्यावी लागते. २०११ सालच्या ६ जुलै रोजीं यलोस्टोनमधील वापिटी लेकच्या वाटेवर एका दांपत्याची दोन पिलांच्या मादीशीं गांठ पडली. मादी धावली, तीं दोघें ओरडत पळालीं, पतीचा अंत झाला, पत्नी वांचली. त्यांच्याजवळ फवारा नव्हता. मादीनें पिलांच्या रक्षणासाठीं हें केलें, असा निर्णय करून अधिकाऱ्यांनीं तिला मोकळें सोडलें. त्याच ऑगस्टमध्यें कांहीं मैलांवर मेरी माउंटनच्या वाटेवर एकट्यानें चालणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थाचा देह सांपडला. तेथें ती मादी येऊन गेल्याचें केंसांच्या व विष्ठेच्या परीक्षेवरून सिद्ध झालें. त्याला तिनेंच मारलें हें मात्र सिद्ध करतां आलें नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं तिला ठार करण्यांत आलें. दोन्हीं पिलें जवळच्या एका संग्रहालयांत पाठविलीं. तीं पुन्हां रानांत जाणार नव्हतीं.

मेलेल्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं, आणि फवारा असता तर काय झालें असतें हें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. अधिकाऱ्यांसही आम्ही दोष देत नाहीं. जुलैमध्यें त्यांनीं दया केली, आणि ऑक्टोबरमध्यें त्याच दयेचा जाब त्यांच्या मनास द्यावा लागला असेल. परंतु या कथेंतून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. अरण्यांत मनुष्य बेसावध राहिला तर तो केवळ आपलाच जीव पणास लावीत नाहीं. त्यास इजा झाली कीं अस्वलावर खटला उभा राहतो, आणि त्या खटल्यांत आरोपीस बोलतां येत नाहीं. 'माझा जीव, माझी मर्जी' हें वाक्य म्हणूनच तेथें खोटें ठरतें. कमरेचें तें नळकांडें आपल्या रक्षणासाठीं आहे असें आम्ही समजत होतों. वस्तुतः तें अर्धें अस्वलाच्या रक्षणासाठीं आहे. ज्याच्या घरीं आपण पाहुणे म्हणून जातों त्याच्यावर आपल्या मृत्यूचा आळ येऊं न देणें, हें पाहुण्याचें पहिलें कर्तव्य होय.

मग जाऊंच नये, हें अधिक सोज्ज्वळ नव्हे काय? हा विचार आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. यलोस्टोनमध्येंही कांहीं भाग ठराविक ऋतूंत मनुष्यास बंद ठेवतात, आणि तें योग्यच आहे; कांहीं दारें खाकरूनही उघडावयाचीं नसतात. परंतु सर्वच दारें बंद केलीं तर जें कधीं पाहिलें नाहीं त्याची चाड मनुष्यास राहील, असा भरंवसा आमच्यानें देववत नाहीं. जावें, पण थोड्यांनीं, थोड्या वेळ, आणि अवधानानें जावें, इतकाच आमचा निर्णय आहे.

हा निर्णय लिहितांना मात्र आमचें मन विदर्भाकडे वळतें. मेळघाटांत, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत, उन्हाळ्याच्या तोंडीं मोहाचीं फुलें गळूं लागतात. तीं वेंचण्यास बायामाणसें पहांटेच्या अंधारांत निघतात, कारण उशीर केला तर गुरें व हरणें तीं खाऊन टाकतात. अस्वलही त्याच वेळीं, त्याच झाडाखालीं, त्याच फुलांसाठीं येतें. 'पहांटे चालूं नये' हा यलोस्टोनचा नियम त्या बाईस सांगण्याची आमची छाती नाहीं. आणि साडेतीन-चार हजार रुपयांचें नळकांडें तिनें कोठून आणावें? ती जाते ती सोबत धरून, हांका देत, हातांत काठी घेऊन. आमच्या कमरेला जें शहाणपण विकत घेऊन लटकवावें लागलें तें तिच्यापाशीं पिढीजात आहे, पण तिला माघारीं फिरण्याची मुभा नाहीं. आम्हांस होती. ज्यास परतण्याची मुभा आहे त्याच्यावर सावधपणाचें ऋण अधिक, असें आम्ही मानतों. अस्वलाविषयींची करुणा बोलून दाखवितांना जो या बाईस विसरतो, त्याची करुणा अजून पुरती जागी झालेली नाहीं.

आम्हांस त्या प्रवासांत अस्वल एकदांच दिसलें. दरीच्या पलीकडल्या उतारावर, दुर्बिणींतून, एक तपकिरी ठिपका गवत उकरीत होता. पुतण्याची मुलगी हलक्या आवाजांत म्हणाली, "आजोबा, त्याला आपण दिसत असूं का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. त्याअर्थीं त्यास आमची चाहूल आमच्या आधींच लागली असावी, आणि आम्ही आपल्या जागीं आहों असें पाहून तें आपलें काम करीत राहिलें असावें.

विमानांत असें नळकांडें नेतां येत नाहीं, हातांतल्या पिशवींतही नाहीं आणि खालच्या सामानांतही नाहीं. निघतांना आम्ही तें न वापरलेलें पुतण्याच्या स्वाधीन केलें. पुढच्या खेपेस त्याची मुदत संपली आहे कीं काय तें पाहून घे, असें त्यास बजावलें. कारण मिरचीचा अर्क राहिला तरी आंतील दाब वर्षांगणिक कमी होत जातो. सावधपणाचेंही तसेंच असावें. तें एकदां मिळवून ठेवण्याची वस्तु नव्हे. वेळोवेळीं हातांत घेऊन पाहावें लागतें.